केरीसाहेबांची बाग

विल्यम केरी हे नाव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाही असे नाही. शब्बाथ शाळेतील लहान मुलेही सांगतील की, ते पूर्वी जोडे शिवीत असत, पुढे हिंदुस्थानात आले आणि येथील अनेक भाषांत पवित्र शास्त्र छापवून गेले. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती जनांवर तर त्यांचे विशेष ऋण आहे. कारण १८०५ साली निघालेले मराठीचे व्याकरण, १८१० सालचा मराठी कोश व १८११ सालचा मराठी नवा करार ही सर्व त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडली. हे वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या बोटांस शाईबरोबर मातीही लागलेली असे, ही गोष्ट चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात. जणू काय ती थोर मनुष्याची एक निरुपद्रवी हौस. आम्हांस तसे वाटत नाही. म्हणून आता पाऊस ओसरून हिवाळी भाजीचे वाफे करण्याचे दिवस जवळ आले असता, आम्ही त्यांचे चरित्र बागेच्या बाजूने सांगणार आहो.

यास आणखी एक कारण आहे. खेड्यापाड्यांतून फिरताना पुष्कळ ठिकाणी असे दिसते की, उपदेशकाच्या घरामागील परसात घाणेरी माजलेली असते, आणि घरात मात्र आठवड्याच्या बाजारातील भाजी उधारीवर आलेली असते. काखेत पवित्र शास्त्र आले म्हणजे हातात खुरपे शोभत नाही, अशी समजूत मनात कोठे तरी असते. दुसऱ्यांस बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. सेमिनरीतून बाहेर पडलो तेव्हा आम्हीही याच समजुतीचे होतो, आणि पहिल्या नेमणुकीच्या गावी आमच्या परसातील झुडुपे दोन वर्षे तशीच उभी होती. ती काढावयास आम्हांस कोणाच्या उपदेशाने लाविले नाही. केरीसाहेबांच्या चरित्राने लाविले.

विल्यमचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप एडमंड हा मागावर कापड विणणारा. विल्यम सहा वर्षांचा असताना बापास गावच्या शाळेत मास्तरकी व देवळात कारकुनाची जागा मिळाली. पीटर नावाचा विल्यमचा एक चुलता होता. तो कॅनडा देशात राहून परत आला होता आणि माळीकाम करीत असे. पुतण्यास झाडांचे वेड लागले ते ह्या चुलत्यापासून. कोणते रोप सावलीत वाढते, कोणत्यास ऊन सोसते, बी किती खोल पेरावे, हे मुलाला शाळेच्या पाटीआधी त्या चुलत्याच्या संगतीत कळू लागले. विल्यमच्या बहिणीने पुढे आठवण सांगून ठेविली आहे की, हा मुलगा रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंच्या कुंपणांकडे निरखून पाहिल्यावाचून कधी पुढे जात नसे, आणि एखादे रोप किंवा किडा मिळविण्यासाठी तिलाही चिखलातून ओढीत नेत असे. त्याच्या झोपण्याच्या खोलीत माणसापेक्षा किड्यामकोड्यांनाच जागा अधिक होती.

असा मुलगा माळीच व्हावयाचा. परंतु त्यास एक त्वचेचा रोग होता. उन्हात काम केले की हातांची व तोंडाची कातडी भाजल्यासारखी होई आणि रात्री झोप लागत नसे. काही काळ त्याने शेतावर मजुरी करून पाहिली, परंतु ती झेपली नाही. तेव्हा चौदाव्या वर्षाच्या सुमारास बापाने त्यास जवळच्या गावी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली ठेविले. कारण ते काम छपराखाली बसून होई. ज्या धंद्यामुळे आपल्या देशात माणसाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर बसविले, तो धंदा करणाऱ्या हातांनी पुढे केवढे काम केले, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांस अशा धंद्यावरून आजही टोमणे ऐकावे लागतात त्यांनी विसरू नये. आणि दुसरी गंमत अशी की, ज्यास इंग्लंडातले मवाळ ऊन सोसले नाही, त्याने पुढे चाळीस वर्षे बंगालच्या उन्हात बाग केली.

१७८१ साली विल्यमचे डोरोथी प्लॅकेट हिच्याशी लग्न झाले. १७८३ साली त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि काही वर्षांनी मोल्टन गावच्या बाप्तिस्ट मंडळीने त्यास आपला पाळक केले. येथून पुढे आम्ही त्यांस केरीसाहेब म्हणू. मंडळी गरीब होती. तिच्याकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या वेतनावर घर चालेना, म्हणून ते जोडे शिवीत व शाळाही चालवीत. दीर्घकाळपर्यंत त्या घरात मांसाचा तुकडा शिजला नाही. अशा घरी परसातील भाजी ही हौस नसते. ती जेवणाची अर्धी भाकर असते. केरीसाहेब जेथे जेथे राहिले, तेथे तेथे त्यांनी घरालगतची जमीन खणून बाग केली, आणि १७८९ साली लेस्टर शहरी मोठ्या मंडळीवर गेल्यावरही ही सवय सोडली नाही.

१७९२ साली त्यांनी एक लहान पुस्तक छापविले. परराष्ट्रांत शुभवर्तमान नेणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे, हा त्याचा विषय. त्यात जगातील देशांची लोकसंख्या व धर्म यांचे तक्ते आहेत, आणि मिशनऱ्याने दूरदेशी पोट कसे भरावे याचाही विचार आहे. त्यांचे म्हणणे असे की, मिशनऱ्याने बरोबर शेतीची अवजारे, थोडी गुरे व बी-बियाणे न्यावे, एक लहानसा तुकडा लागवडीस आणावा, आणि शक्य तितके आपल्या कष्टाचे खावे. म्हणजे ज्या लोकांत तो राहणार त्यांच्यावर किंवा मायदेशातील मंडळ्यांवर त्याचा भार पडणार नाही. प्रेषित पौल तंबू शिवीत असे, मग आपण वाफे का करू नयेत, असा हा सरळ हिशेब होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी बाप्तिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, आणि पुढील वर्षी जून महिन्यात केरीसाहेब बायको, चार मुलगे व मेहुणी यांसह डेन्मार्कच्या एका जहाजावर चढले. पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १७९३ मध्ये, ते बंगालात उतरले.

कागदावर केलेला हिशेब मातीत उतरविणे किती कठीण असते, हे आता कळावयाचे होते. बरोबरचा पैसा कलकत्त्यात थोड्याच दिवसांत संपला. सात माणसांचे कुटुंब, त्यात तान्हे मूल. डोरोथीबाई व थोरला मुलगा फेलिक्स हगवणीने खंगलेले. एका बंगाली सावकाराने शहराबाहेरील आपल्या बागेतील घर काही दिवस राहावयास दिले, हा त्या परक्या गावातील पहिला आश्रय. फेब्रुवारी १७९४ मध्ये केरीसाहेब कुटुंबास नावेत घालून सुंदरबनाकडे निघाले. कारण तेथे जमीन मिळण्यासारखी होती. सुंदरबन म्हणजे नद्यांच्या मुखाशी पसरलेला दलदलीचा व जंगलाचा मुलूख, वाघांसाठी प्रसिद्ध. देभट्टा या ठिकाणी ते पोहोचले तेव्हा शिधा जवळजवळ संपला होता. तेथे मिठाच्या खात्यावरील एक इंग्रज अधिकारी राहत असे. धर्माच्या गोष्टीत त्याचे मन नव्हते. तरी त्याने ह्या सात जणांस आपल्या घरात घेतले आणि हवे तितके दिवस राहा म्हणून सांगितले. देव आपल्या सेवकांस नेहमी भाविकांच्याच हातून जेवू घालतो असे नाही.

नदीपलीकडे केरीसाहेबांनी जमीन घेतली, जंगल तोडण्यास आरंभ केला, बांबूची झोपडी उभारावयास घेतली आणि भाजीपाला लाविला. वाघांच्या भयाने पळालेली आसपासची माणसे येथे वस्ती होते असे पाहून परत येऊ लागतील, अशी त्यांस आशा होती. १७९२ सालच्या पुस्तकातला तो लहानसा तुकडा तो हाच. परंतु तो फार दिवस टिकला नाही. मालद्याकडील जॉर्ज उडनी नावाच्या ख्रिस्ती गृहस्थाने त्यांस मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची जागा देऊ केली. वेतन दरमहा २०० रुपये. त्यांनी ती पत्करिली आणि १७९४ च्या उन्हाळ्यात कुटुंब उत्तरेस गेले. नीळ काढण्याचे काम वर्षातून थोडेच महिने चाले. उरलेल्या दिवसांत बंगाली भाषेचा अभ्यास, शास्त्राचे भाषांतर व गावोगाव उपदेश करण्यास मोकळीक होती.

येथे त्यांनी जे केले ते आमच्या मते त्यांच्या चरित्रातील फार सुंदर कृत्यांपैकी एक आहे. नोकरी लागताच त्यांनी सोसायटीस पत्र लिहिले की, माझ्या खर्चासाठी आता पैसे पाठवू नका; ते दुसऱ्या कोणत्या मिशनावर लावा. मात्र दरवर्षी विळे, नांगराची चाके अशी काही अवजारे, आणि भाज्यांचे, फुलांचे व फळझाडांचे सर्व प्रकारचे बी पाठवीत जा. त्याची किंमत मी भरीन. या देशास त्याचा चिरकाल उपयोग होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

सोसायटीच्या मंडळीस हे कसे वाटले असेल? उत्तरी जे पत्र आले त्यात आनंदाबरोबर काळजीचा इशाराही होता की, मिशनऱ्याने व्यापारात गुंतून आपले खरे काम विसरू नये. केरीसाहेबांच्या मनास ते लागले. कमाईतील मोठा भाग ते सुवार्तेच्याच कामी घालीत होते आणि हाती काही शिल्लक राहत नव्हते, हे त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत कळविले. आम्हांस सोसायटीची काळजी समजते. हातचे काम वाढले की मन तिकडे ओढते, हे कोणी नाकारू नये. परंतु दुरून पत्र लिहिणाऱ्यास सुंदरबनातली उपासमार दिसत नव्हती, हेही तितकेच खरे.

मदनाबाटीची वर्षे आम्ही उजळ करून दाखविणार नाही. तेथे पोहोचल्यावर काही महिन्यांतच पाच वर्षांचा पीटर तापाने वारला. परक्या माणसाच्या प्रेताला हात लावावयास जातीच्या भयाने कोणी पुढे येईना. शेवटी मोठ्या प्रयासाने चार मुसलमान कबर खणण्यास तयार झाले. डोरोथीबाईंचे मन आधीच खचले होते, ते या आघाताने पार बिघडले. १८०७ साली त्या वारल्या, तोपर्यंत सुमारे बारा वर्षे त्यांचे भान परत आले नाही. शेजारच्या खोलीत त्यांचा आक्रोश चालू असे आणि केरीसाहेब भाषांतरास बसलेले असत. त्या बाईंनी हिंदुस्थानात येण्याचे मनापासून कधी कबूल केले नव्हते. केरीसाहेबांच्या थोरवीचा काही भाग त्यांच्या पदरच्या दुःखाने भरला गेला आहे, आणि कितीही मोठ्या बागेने ते दुःख झाकले जात नाही.

१० जानेवारी १८०० रोजी केरीसाहेब श्रीरामपूर येथे राहावयास आले. हे श्रीरामपूर म्हणजे आपल्याकडील साखर कारखान्यांच्या मुलखातील गाव नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या काठी असलेले हे शहर त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते, म्हणून तेथे ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांस असलेला मज्जाव चालत नसे. मार्शमन शिक्षक, वॉर्ड मुद्रक व केरीसाहेब भाषांतरकार, अशा तिघांची कुटुंबे एका पंक्तीस जेवत आणि सर्वांची कमाई एका पेटीत पडे. १८०१ सालापासून केरीसाहेब कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व पुढे मराठी शिकवू लागले. त्यांचे वेतन वाढत वाढत दरमहा १००० रुपयांवर गेले. तरी घरखर्चापुरता थोडा भाग सोडून ते सर्व त्या पेटीत जाई.

मिशनाच्या आवारात बागेचे खाते अर्थातच त्यांच्याकडे आले. ती वाढत वाढत सुमारे ५ एकरांची झाली. तीत भाजीचे वाफे होते, फळझाडे होती, महोगनीसारख्या दूरदेशच्या वृक्षांची रांग होती, आणि लिनियस नावाच्या स्वीडनच्या विद्वानाने लावून दिलेल्या वर्गांप्रमाणे मांडलेली शेकडो जातींची झाडेही होती. पहाटे सहाच्या आत उठावे, हिब्रू शास्त्राचा एक अध्याय वाचावा आणि बागेत एकांती प्रार्थना करावी, हा त्यांचा नेम. त्या वेळी तेथे त्यांस कोणी हाक मारीत नसे. दर मंगळवारी सायंकाळी ते नावेतून कलकत्त्यास जात आणि शुक्रवारी रात्री परतत. मधले दिवस बाग माळ्यांच्या स्वाधीन असे. एरवी अतिशय सौम्य असलेला हा मनुष्य बागेच्या बाबतीत मात्र कडक असे. कोणाचे वासरू आत शिरलेले त्यास खपत नसे.

बियांचा त्यांचा व्यवहार फार मोठा होता. इंग्लंडातील स्नेह्यांस ते बी मागत व त्यांस येथले पाठवीत. फेलिक्स ब्रह्मदेशात गेला, जेबेझ अंबोयना बेटावर गेला, विल्यम कटव्यास राहिला. प्रत्येक मुलास शुभवर्तमानाच्या कामाबद्दल लिहिताना रोपे व बी कसे पाठवावे हेही बाप लिहीत असे. हे काम दिसते तितके सोपे नाही. जहाजास पाच-सहा महिने लागत. कांद्याचे बी एका वर्षातच निकामी होऊ लागते. वाटाण्याचे त्याहून अधिक टिकते. आणि समुद्राच्या दमट हवेत पुडी सादळली तर दोन्ही जातात. बी जिवंत पोहोचले तरी ते केव्हा पेरावे हा प्रश्न असतो. विलायतेत वसंत ऋतू लागला की पेरणी करितात. तोच महिना बंगालात धरला तर कोवळे रोप उन्हाळ्यात करपते, आणि त्यातून वाचलेले पावसाळ्यात कुजते. म्हणून वाटाणा, कोबी, गाजर अशा थंड देशच्या भाज्या येथे पाऊस संपल्यावर पेरावयाच्या असतात. आज आपला साधा माळीही हे जाणतो. परंतु परदेशी बी आलेल्या पहिल्या पिढीस ते चुकत माकत शिकावे लागले.

कोबीची आणखी एक अडचण आहे. थंडीत त्याचा गड्डा आपल्या मैदानी प्रदेशात उत्तम धरतो, परंतु त्यास फूल येऊन बी धरावयास अनेक आठवड्यांची कडक थंडी लागते. ती थंड डोंगरांत मिळते. बंगालच्या सपाटीवर मिळत नाही, आपल्या देशावर तर नाहीच. म्हणून मेथीचे किंवा घेवड्याचे बी जसे आपण घरी राखतो तसे कोबीचे राखता येत नाही. ते बाहेरूनच आणावे लागते. अशा भाज्यांसाठी परदेशाशी बियांचा नियमित व्यवहार असणे का अगत्याचे होते, हे यावरून कळेल. बटाटा व कोबी ही नावेच पोर्तुगीज लोकांच्या बोलीतून आपल्याकडे आली आहेत. ज्या भाज्यांवाचून आज आपला बाजार भरत नाही, त्यांपैकी कित्येक अशा कोणा ना कोणाच्या पुडीतून समुद्र ओलांडून आल्या.

एकदा इंग्लंडाहून आलेली बियांची पिशवी रिकामी झाल्यावर केरीसाहेबांनी तिच्या तळाशी राहिलेली माती बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी पाहतात तो तेथे डेझीचे रोप उगवलेले! इंग्लंडात हे फूल इतके सामान्य की ते गवतात जिकडे तिकडे असते आणि लोक त्यावरून चालतात. केरीसाहेबांनी ते पंचवीसहून अधिक वर्षांत पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांस झालेला आनंद त्यांनी १८२१ च्या सुमारास एका स्नेह्यास कळविला आहे. मायदेशी ते परत कधीच गेले नाहीत. हे झाड बंगालच्या पावसात जगत नाही, म्हणून ते दरवर्षी त्याचे बी धरून ठेवीत आणि नवे रोप करीत.

वनस्पतींच्या शास्त्रात त्यांचा अधिकार मोठमोठे विद्वान मानीत. कलकत्त्याजवळील सरकारी वनस्पतिबागेचे मुख्य डॉ. रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही होते. रॉक्सबर्ग आजारी होऊन विलायतेस गेले, तेव्हा त्या बागेतील झाडांची यादी केरीसाहेबांनी १८१४ साली छापून काढिली. आणि रॉक्सबर्ग वारल्यावर हिंदुस्थानातील वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथही श्रीरामपूरच्याच छापखान्यात छापला. रॉक्सबर्गांनी एका वृक्षकुळास केरीसाहेबांचे नाव दिले आहे. तो वृक्ष आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. सह्याद्रीच्या रानात जो कुंभा वाढतो, ज्याची पांढरी, पुष्कळ केसरांची फुले रात्री उमलून खाली पडतात आणि ज्यास हिरवी गोल फळे येतात, त्याचे शास्त्रीय नाव केरिया असे आहे. आमच्या एका मंडळीच्या वाटेवर असा एक जुना कुंभा उभा आहे, आणि त्याखाली विसावा घेताना आम्ही हे लोकांस सांगतो.

परंतु विद्वानांत मान मिळाला म्हणून कुळवाड्याचा वाफा ते विसरले नाहीत. मदनाबाटीस असताना त्यांनी दिनाजपूर भागातील शेतीचे बारकाईने निरीक्षण केले होते व त्यावर निबंधही लिहिला होता. इतकी सुपीक जमीन आणि इतका दरिद्री शेतकरी हे कोडे त्यांस स्वस्थ बसू देत नव्हते. एप्रिल १८२० मध्ये त्यांनी एक पत्रक काढिले, आणि १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्यात शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी एक संस्था स्थापन झाली. आरंभी फार थोडी माणसे जमली, परंतु केरीसाहेब डगमगले नाहीत. त्यांचा आग्रह होता की, या संस्थेत देशी गृहस्थांस युरोपियनांच्या बरोबरीने सभासद होता आले पाहिजे. आणि तसे झाले. त्या काळी कलकत्त्यात ही लहान गोष्ट नव्हती. संस्थेने चांगले बी मागवून वाटले, आणि पुढे भाजीपाल्याची प्रदर्शने भरवून, उत्तम भाजी पिकविणाऱ्या माळ्यांस बक्षिसे देण्याची चाल पाडली. ज्या माळ्याचे नाव धन्याने कधी विचारले नसेल, त्याच्या टोपलीपुढे साहेब लोक उभे राहून वाटाण्याच्या शेंगा पारखीत, हे चित्र मनापुढे आणावे. ही संस्था आजही कोलकात्यात अलिपूर येथे आहे.

१८२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एके रात्री नावेतून उतरताना केरीसाहेबांचा पाय घसरला आणि मांडीच्या सांध्यास जबर दुखापत झाली. त्यांचे वय त्या वेळी बासष्ट होते. वेदना व ताप यांनी ते अंथरुणास खिळले, जगतात की नाही अशी स्थिती झाली; आणि त्याच दिवसांत दामोदर नदीचे बांध फुटून पूर आला. श्रीरामपुरात पाणी शिरले. केरीसाहेबांस घर सोडून दुसरीकडे न्यावे लागले. बाग पाण्याखाली गेली. मुळांभोवती पाणी साचून राहिले की त्यांस हवा मिळत नाही व झाड गुदमरते; फार थोडी झाडे हे सोसतात. वीस वर्षांहून अधिक काळ एकेक करून जमविलेले वाफे त्या पाण्यात मेले. १८१२ साली त्यांचा छापखाना जळाला होता तेव्हा भाषांतरे पुन्हा करिता आली, कारण ती डोक्यात होती. परंतु झाड डोक्यातून पुन्हा काढिता येत नाही. त्यास बी पाहिजे, आणि बी सहा महिन्यांच्या वाटेवर होते.

कित्येक महिने ते कुबड्या घेऊन चालत. पण अंथरुणावर असतानाच त्यांनी पत्रे पाठविण्यास आरंभ केला होता. येथील स्नेह्यांस, इंग्लंडातील स्नेह्यांस, सर्वांकडे पुन्हा बियांची मागणी. त्याच वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले, आणि इकडे त्यांची बाग चिखल होऊन पडली होती. पुढील वर्षी कलकत्त्याच्या शेती-संस्थेने त्यांस अध्यक्ष निवडिले. कुबडी टाकून ते पुन्हा वाफ्यांत उभे राहिले आणि बाग पूर्वीसारखी केली.

१८३३ सालापासून त्यांची शक्ती सरत चालली. बंगाली शास्त्राची शेवटची आवृत्ती त्यांनी तपासून पुरी केली होती, आणि आता आपले काम झाले असे त्यांस वाटे. चालवेना तेव्हा त्यांस खुर्चीत बसवून बागेत फिरवून आणीत. तेही जमेना तेव्हा मुख्य माळी खोलीत येई आणि पलंगापाशी उभा राहून कोणत्या वाफ्यात काय उगवले, कोठे पाणी कमी पडते, हे सांगे. आणि साहेब त्यास काय करावयाचे ते सांगत. एक दिवस त्यांचे मन फार उदास दिसले. डॉ. मार्शमन यांनी कारण विचारिले. केरीसाहेबांस मरणाचे भय नव्हते; त्यांस काळजी होती ती ही की, आपण गेल्यावर मार्शमनबंधू बागेत गाई सोडतील. चौतीस वर्षांच्या सोबत्यास हे ऐकून काय वाटले असेल! त्यांनी कळवळून सांगितले की, मला तुमच्यासारखी झाडांची आवड नाही हे खरे, परंतु ज्या बागेत तुम्हांस इतका आनंद लाभला ती राखणे मी आपले पवित्र कर्तव्य समजेन.

९ जून १८३४ रोजी पहाटे केरीसाहेब प्रभूमध्ये झोपी गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांस श्रीरामपूरच्या मिशनाच्या दफनभूमीत पुरण्यात आले. मार्शमनसाहेब त्यांच्यामागे तीन वर्षे जगले.